उभ्याने घ्यायची कॉफी

लग्नाच्या मांडवात आइस्क्रीमच्या शेजारी एक चकचकीत यंत्र फुसफुसत असतं. पेल्यात दुधाचा फेस चढतो, वर चॉकलेटची पूड भुरभुरतात, आणि आपण सगळ्या तिला ‘एक्स्प्रेसो’ म्हणतो. मैत्रिणींनो, चवीला ती छानच. पण खऱ्या एस्प्रेसोशी तिचं नातं फक्त वाफेपुरतं. ते यंत्र दूध तापवून फेसाळतं. कॉफी बहुधा डब्यातली, झटपट विरघळणारी असते.

खरी एस्प्रेसो मी पाहिली ती इटलीत, ट्रिएस्टला. अब्दुस सलाम यांनी १९६४ साली सुरू केलेलं भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र तिथे आहे. आपल्याकडचे पुष्कळ प्राध्यापक जातात. ह्यांची तीन आठवड्यांची कार्यशाळा होती आणि माझ्या शाळेला सुट्टी, म्हणून मीही गेले. हे सकाळी जात ते संध्याकाळी परत येत. मधला दिवस मी आणि ते गाव!

ट्रिएस्ट १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचं बंदर होतं. १७१९ मध्ये ते करमुक्त झालं, आणि पुढे तिथे कॉफीच्या पोत्यांचा मोठा व्यापार वाढला. तोम्मासेओ हे कॉफीगृह १८३० पासूनचं, सान मार्को १९१४ चं. सान मार्कोत पुस्तकांचं दुकानही आहे. पण ही बसायची ठिकाणं. रोजची कॉफी लोक घेतात ती ‘बार’मध्ये, उभ्याने. नाव ऐकून दचकू नका; सकाळी तिथे कॉफी आणि गोड पाव मिळतो. बसलात तर बहुतेक ठिकाणी जास्त पैसे पडतात. उभ्याने थोडक्यात काम होतं.

माझं लक्ष मात्र बायकांकडे. दहाच्या सुमारास भाजीची पिशवी घेतलेली एखादी आजी आत येई, पिशवी पायाशी ठेवी, तीन घोटांत कॉफी संपवी आणि चालती होई. बरोबर कोणी नाही, कोणाला विचारणं नाही, आणि कोणी वळून बघतही नाही. आता खरं सांगा, आपल्या गावात तुम्ही एकट्या हॉटेलात शिरून चहा मागवलाय कधी? मी नव्हता मागवला. पहिले दोन दिवस मी काचेबाहेरूनच बघितलं. तिसऱ्या दिवशी आत जाऊन ‘नेरो’ म्हटलं. त्या चिमुकल्या कपातली कॉफी मी गरम असताना संपवली. घरी माझा चहा ओट्यावर निवतो, हे काही तुम्हाला वेगळं सांगायला नको!

ट्रिएस्टची भाषा इटलीतही न्यारी. ‘नेरो’ म्हणजे काळी एस्प्रेसो. ‘कापो’ म्हणजे तीच, वर थोडं फेसाळ दूध. ‘कापो इन बी’ म्हणजे कापोच, पण काचेच्या छोट्या पेल्यात. कापुचिनो इटलीत सकाळचा. जेवणानंतर मागितलात तर हसतील. आणि नुसतं ‘लात्ते’ म्हणू नका, दूधच पुढे येईल.

एवढ्याशा कपाचं कौतुक का? सुमारे सात ग्रॅम बारीक दळलेल्या कॉफीतून नव्वद अंशांच्या आसपास तापलेलं पाणी हवेच्या नऊपट दाबाने सुमारे अर्ध्या मिनिटात दामटतात. उतरते ती जेमतेम पंचवीस-तीस मिलिलिटर, वर सोनेरी साय. वाफेचं यंत्र मिलानच्या लुईजी बेझेरांनी १९०१ साली आणलं. ही साय आली ती आकिल्ले गाज्जियांच्या १९४७ सालच्या दांड्याच्या यंत्रामुळे. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे भारताच्या कॉफीचं मोठं गिऱ्हाईक इटलीच. आपली रोबस्टा तिथल्या मिश्रणात साय दाट व्हायला कामी येते.

एवढा दाब घरी कुठून आणायचा? इटलीतल्या घरोघरी असते ती ‘मोका’, आल्फोन्सो बियालेत्तींनी १९३३ साली काढलेली अ‍ॅल्युमिनियमची दुमजली किटली. आता आपल्याकडेही मिळते. खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंत पाणी घाला, झडप बुडू देऊ नका. चाळणीत चिकोरी नसलेली, बारीक रव्याइतकी दळलेली कॉफी भरा. चमच्याने दाबू नका, वाट अडते. गॅस अगदी मंद. छोटी मोका आपल्या बर्नरवर डुगडुगते, म्हणून खाली जाळी ठेवा. वर खळखळ सुरू झाली की लगेच उतरवा, नाहीतर कडवट होते. साय येणार नाही, पण वास घरभर दरवळतो.

दुधाचा फेस हवा असेल तर दूध बोट सोसवणार नाही इतपतच तापवून छोट्या रवीने घुसळा. उकळी आणू नका. धुताना साबणाऐवजी नुसतं गरम पाणी पुरतं, आणि कोरडी केल्याशिवाय मिटवू नका. माझी दोन कपांची आहे. दुपारी अडीचला, मुलं यायच्या आधी, मी ती चढवते.