दीड वर्षाचे चिरंजीव आणि अलास्काचा बर्फ

"दीड वर्षाच्या पोराला बर्फ दाखवायला नेताय? त्याला काय कळणार आहे त्यातलं?"

सासूबाईंचा प्रश्न बिनतोड होता. टोपी घातली की काढून फेकायची, एवढंच चिरंजिवांना त्या वेळी कळत होतं. पण व्हँकुव्हरला राहणाऱ्या माझ्या वन्संनी 2023 च्या मे अखेरीस अलास्काच्या सात रात्रींच्या जहाज-सफरीचा बेत पक्का केला होता. शेवटी "पोराला सांभाळायला तरी कुणी हवं ना," असं म्हणत सासूबाईही निघाल्या.

अलास्का अमेरिकेत आणि व्हँकुव्हर कॅनडात, म्हणजे व्हिसा दोन. बाळालाही स्वतःचा पासपोर्ट आणि दोन्ही व्हिसा लागतात. सिएटलहून निघालो तर कॅनडाचा व्हिसा वाचेल, असं यांना वाटत होतं. पण 1886 च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजांना अशा सफरीत मध्येच परदेशी बंदराला लागावंच लागतं, त्यामुळे तो व्हिसा तिकडूनही चुकत नाही. शिवाय सिएटलची जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून जातात. व्हँकुव्हरहून निघणारी बेटांच्या आडोशाने जातात आणि हेलकावे कमी बसतात. लहान मूल बरोबर असेल तर हा फरक मोठा आहे, कारण आपण मोठी माणसं प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतो ती प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. आमच्या डॉक्टरांनी हे दोनदा बजावलं होतं.

बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावर घेत नाहीत. मुलांच्या खेळघरात बहुतेक ठिकाणी तीन वर्षांपासून प्रवेश असतो, आणि लंगोट बांधलेल्या मुलाला पोहण्याच्या तलावात उतरवता येत नाही. थोडक्यात, जाहिरातीतल्या चित्रांमधलं काहीच आमच्या वाट्याचं नव्हतं.

पहिला फटका जहाजावर चढतानाच बसला. नाचणीचं सत्त्व शिजवायला मी विजेची किटली घेतली होती. तपासणीत ती काढून घेतली आणि हातात पावती ठेवली, उतरताना परत मिळेल! आगीच्या भीतीने अशी उपकरणं खोलीत चालत नाहीत. नियम योग्यच आहे, पण आधी वाचायला हवा होता. न शिजवलेलं सत्त्व घेऊन मी त्या चकचकीत भोजनगृहात रडवेली उभी होते, तेव्हा मागून आवाज आला, "मावशी, बाळाला मऊ भात आणू?" वाढपी गोव्याचा होता. अशा जहाजांवर गोव्याची माणसं पुष्कळ असतात, तरी त्या क्षणी तो मला देवदूतच वाटला. त्या दिवसापासून मऊ भात, वर लोण्याचा गोळा आणि आमचं मेतकूट हे चिरंजिवांचं जेवण ठरून गेलं. सासूबाईंना मायेने बोलणारं कुणीतरी मिळालं, तो भाग वेगळाच.

झोपेचं मात्र गणित चुकलं. व्हँकुव्हर आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, अलास्का आणखी एक तास मागे. वन्संकडे चार दिवस काढून चिरंजीव जरा रुळले होते. पण पुढे उत्तरेला रात्री साडेनऊनंतरही उजेड! पडदे ओढून, पडद्याच्या फटीला कपड्यांचे चिमटे लावून आम्ही अंधार केला. चिमटे नक्की न्या.

थंडीचा धडा जुनोला मिळाला. ही अलास्काची राजधानी, पण बाहेरगावाहून तिथे रस्त्याने जाता येत नाही. एक तर बोट, नाहीतर विमान. मेंडेनहॉल हिमनदी बघायला निघताना मी मुलाला एकावर एक सहा कपडे घातले. बसमध्ये तो घामाने भिजला आणि बाहेरचा वारा लागताच कुडकुडू लागला. मग तिथल्या प्रसाधनगृहात त्याला सगळं बदललं. त्यानंतर तीनच थर ठेवले: आत अंगालगतचा गरम कपडा, मध्ये लोकरी, वर पाणी न शिरणारा. हात गार लागले म्हणून घाबरायचं नाही, मानेमागे हात घालून बघायचं. आणि झोळीत बांधलेलं मूल हालचाल करत नसतं, त्याला आपल्यापेक्षा लवकर थंडी वाजते.

स्कॅगवेची रेल्वे मात्र चिरंजिवांची खास आवडती. सोन्याच्या शोधात धावलेल्या लोकांसाठी 1898 ते 1900 मध्ये बांधलेली ही तीन फुटी गाडी कडे आणि दऱ्यांच्या काठाने 2,865 फुटांवरच्या व्हाइट पासपर्यंत चढते. "आपल्या माथेरानच्या गाडीची मोठी बहीण," सासूबाईंनी निकाल दिला. माथेरानची दोन फुटी, तेव्हा चूकही नाही.

ज्यासाठी एवढा खटाटोप, तो ग्लेशियर बेचा दिवस पाचवा. या खाडीत दिवसाला मोठी प्रवासी जहाजं फक्त दोनच सोडतात. सकाळी लहान होडीतून राष्ट्रीय उद्यानाचे रक्षक जहाजावर चढले आणि त्यांनी माहिती सांगितली. 1750 च्या सुमारास ही सगळी खाडी बर्फाखाली होती. 1794 मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या माणसांना इथे बर्फाच्या भिंतीत जेमतेम पाच मैलांची खाच दिसली. 1916 पर्यंत बर्फ खाडीच्या तोंडापासून 65 मैल आत सरकला होता.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं आणि नेमके त्याच वेळी चिरंजीव झोपले. खोलीत कोण थांबणार? "जा तुम्ही दोघं. बर्फ मी फ्रीजमध्ये पाहिलाय," सासूबाई म्हणाल्या.

पाण्यावर सुमारे अडीचशे फूट उंचीची निळसर भिंत समोर उभी होती. गर्दीत चाळीस मिनिटं थांबले. नाक बधिर झालं, पण बर्फाचा कपचाही पडला नाही. सासूबाईंनाही बघू द्यावं म्हणून मी खाली निघाले. लिफ्टमध्ये असतानाच दूरवर ढग गडगडल्यासारखा आवाज झाला. इथल्या मूळच्या त्लिंगित लोकांनी याला पांढरी मेघगर्जना म्हटलं आहे, असं रक्षकाने सकाळीच सांगितलं होतं.

दार उघडलं तर सासूबाई खिडकीशी आणि मांडीवर टक्क जागा नातू. सर्वांना दिसावं म्हणून जहाज जागच्या जागी वळलं होतं आणि आमची खिडकी बरोबर हिमनदीसमोर आली होती.

"अगं, आत्ताच वाड्याची भिंत पडावी तसा कडा कोसळला! पाणी केवढं उडालं! तू होतीस कुठे?"

बिनखिडकीची स्वस्त खोली घेऊ या, म्हणून निघण्यापूर्वी मी यांच्याशी वाद घातला होता, हे मी तेव्हा सांगितलं नाही. लहान मूल असेल तर खिडकीचे पैसे भरा.

पुण्याला परतल्यावर शेजारणींना ती हकीकत सांगायचा मान अर्थातच सासूबाईंचा. मी फोटो दाखवते. त्यात भिंत उभीच आहे. चिरंजीव मध्येच हात आपटून "धप्प" म्हणतात.