आरशातले जग

इंद्रजाल कॉमिक्स हे चित्रांचे पुस्तक होते. ते १९६४ साली सुरू झाले आणि १९९० साली बंद पडले. आता ते नवीन निघत नाही. पण आमच्या आबांच्या पत्र्याच्या पेटीत जुने सात अंक आहेत. कसर लागू नये म्हणून आबा त्यात कडुलिंबाचा पाला घालतात.

मला त्यातला जादूगार मँड्रेक फार आवडतो. ली फॉक नावाच्या अमेरिकेतल्या लेखकाने त्याला १९३४ साली तयार केले. त्याची उंच काळी टोपी असते. त्याचा मित्र लोथार लई ताकदवान आहे. मँड्रेकने नुसता हात हलवला की चोराला स्वतःची बंदूक साप दिसते. चोर ती टाकून पळतो. खरी बंदूक बंदूकच असते, फक्त डोळे फसतात.

एका गोष्टीत आरशाच्या पलीकडे दुसरे जग आहे. तिथे आपल्यासारखीच माणसे राहतात, पण स्वभावाने उलटी, म्हणजे वाईट.

माझे पप्पा एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांची रात्रपाळी असली की आमच्या घरात पण दोन जगे होतात. मी शाळेला निघतो तेव्हा ते झोपायला जातात. मी परत येतो तेव्हा आई तोंडावर बोट ठेवते. संध्याकाळी ते डबा घेऊन निघतात तेवढीच आमची भेट. मला वाटले, आरशात सगळे उलटे, म्हणजे तिकडचे पप्पा दिवसा कामाला जात असतील. रात्री घरी असतील. पण ते वाईट असले तर? तसले पप्पा मला नकोत.

रविवारी मी हे पप्पांना सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "तिकडच्या पोराला पण आपल्या घरात यावं वाटत असंल." मग मी त्या पोराचाच विचार करत बसलो.

आमच्या गुरुजींनी सांगितले की शास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी पण अशी एक गोष्ट लिहिली आहे. तिच्यात १७६१ सालच्या पानिपतच्या लढाईत मराठे जिंकतात! ती मी मोठा झाल्यावर वाचणार.

आमच्या अंकाचे शेवटचे पान फाटले आहे. आबांना शेवट आठवत नाही. मी म्हणतो, मँड्रेक एकटाच सगळ्यांना हरवतो. पप्पा म्हणतात, लोथार आरसाच फोडतो. पालकांपैकी कोणाकडे हा अंक असेल तर कृपया शाळेत आणावा. मी इथेच बसून वाचीन आणि लगेच परत देईन.

– इयत्ता ४ थी