मुंजीचं ताट

डिसेंबरची वीस-एकवीस तारीख उजाडली की आमच्या नगरच्या घरात फडताळाच्या वरच्या खणातली ताटं खाली उतरायची. ती शेजारपाजारची असायची, दिवाळीत फराळ भरून आलेली. आजी ती घासूनपुसून ठेवायची आणि नाताळची वाट बघायची. ताट रिकामं द्यायचं नसतं. मध्ये महिना-दीड महिना जायचा, कधी दोनही. तेवढे दिवस शेजारणी आपापल्या ताटावाचून भागवून घेत. कुणी मागायला येत नसे, याचं नवल मला फार उशिरा वाटलं.

‘तुमच्या नाताळात केक असेल ना?’ हे मला शाळेपासून विचारत आलेत. असतो की, बेकरीतून आणलेला, पोरांच्या समाधानासाठी. घरभर वास सुटतो तो तळणाचा. करंज्या, चकल्या, शेव, रव्याचे लाडू, जमलंच तर अनारसे. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, फराळ मात्र इथलाच. फरक थंडीचा. दिवाळीत साट्याची लाटी लोण्यासारखी वळते. डिसेंबरात तूप हाताखालीच थिजतं आणि लाटताना पारी कडेला चिरते. म्हणून आजी परात शेगडीजवळ ओढून बसायची. पाऱ्यांवर ओलं फडकं. सारणात सुकं खोबरं, भाजलेली खसखस, वेलदोडा. ओल्या नारळाची करंजी ही तिच्या मते कोकणवाल्यांची चैन.

कातणं घरात होतं, ते आम्हा पोरांना. आजी स्वतः बोटांनी मुरड घालायची. एका करंजीला चौदा-पंधरा मुरडी, सगळ्या सारख्या. आईच्या बारा व्हायच्या. माझ्या नऊ होतात, त्यातली एखादी तेलात उसवते. लेक साचा मागवूया म्हणते.

करंज्या भरताना कुणीतरी मोठ्यानं वाचायचं, असा नेम होता. बहुधा ‘ख्रिस्तायन’. रेव्हरंड टिळकांनी ओव्यांत लिहायला घेतलं, आणि 1919 साली ते गेले तेव्हा ते अपुरं होतं. पुढे ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नेलं. त्यांना तर वाचायला शिकवलं होतं टिळकांनीच, लग्नानंतर. आजीला ओव्यांपेक्षा ही हकिकत प्यारी. ‘बाईनं पुढं नेलं की नाही!’ म्हणायची आणि पुढची पारी उचलायची. बाहेर वडील कामट्यांच्या चांदणीला खळ लावून कागद चिकटवत असायचे. चोविसाच्या रात्री पेटी, ढोलकी, टाळ घेऊन कॅरलवाले यायचे, कधी एकला, कधी दोनला. झोपेतून उठून पातेलंभर चहा टाकावा लागे. भजनी ठेक्यावर येशूचा जन्म ऐकायची सवय झालेल्याला इंग्रजी कॅरल जरा पातळ वाटतात, हे माझं प्रामाणिक मत.

पण सांगायचं होतं ताटाचं.

आजीचं माहेर नगर जिल्ह्यातलंच, वेशीबाहेरच्या वस्तीतलं. तिच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. नाव बदललं, देव बदलला. वेस होती तिथेच राहिली. सणासुदीला गावातलं उरलंसुरलं वस्तीत यायचं. वस्तीतून गावात काही जायचं नाही. केलेलं कुणी शिवलंच नसतं. नाताळच्या करंज्या वस्तीतल्या वस्तीतच वाटायच्या. लग्न होऊन ती शहरात आली, बिऱ्हाड थाटलं, आणि पहिल्याच दिवाळीला शेजारच्या माई फराळाचं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. पितळी ताट, कडेला त्यांच्या मुलाच्या मुंजीची तारीख कोरलेली.

आजीनं फराळ काढून घेतला, चिंचेनं ताट लख्ख केलं, आणि पुढे काय करावं ते तिला सुचेना. रिकामं द्यावं तर रीत नाही. भरून द्यावं आणि माईंनी ते पाठीमागच्या दारानं गुरापुढे टाकलं तर? ताट दीड महिना फडताळावर राहिलं. नाताळच्या दुपारी तिनं करंज्या रचल्या, वर रुमाल टाकला आणि गेली.

माईंनी उंबऱ्यातच रुमाल बाजूला केला. एक करंजी उचलली, मोडली, तोंडात टाकली आणि विचारलं, ‘मुरड कुणी घातलीय?’

आजीनं हे मला एकदाच सांगितलं, मी कॉलेजात असताना. सांगताना हसली नाही. ‘ताट आत नेलं असतं तर मला कधी कळलं नसतं,’ एवढंच म्हणाली. लहानपणी मी ज्याला शेजारधर्म समजत होते, त्याच्या तळाशी ही दीड महिन्याची धाकधूक होती. आईलाही ती ठाऊक नव्हती. आईला फक्त मुरड शिकवलेली.

माई गेल्या त्या वर्षीची दिवाळी आधीच होऊन गेली होती, म्हणजे ताट आमच्याकडेच होतं. नाताळाआधी त्यांच्या मुलानं घर विकलं. नगरहून पुण्याला येताना ताट आमच्या सामानात आलं. मुंजीची तारीख आता नीट वाचता येत नाही.

दर नाताळला मी त्यात करंज्या भरून समोरच्या फ्लॅटमध्ये नेते आणि दारातच उभी राहते. त्यांचा डबा येईपर्यंत थांबते, करंज्या त्यात काढून देते आणि ताट तिथल्या तिथे मागून घेते. वाईट दिसतं, कळतं मला. पण ते ताट माझं नाही.