वरचा रस्ता, खालचा रस्ता

इंदूरच्या सुदामा नगरात घरं एकमेकांना भिंत लावून उभी आहेत, त्यामुळे आमच्या गल्लीला दोन रस्ते आहेत. खालच्या रस्त्याने सकाळी महापालिकेची कचरागाडी गाणं वाजवत येते, भाजीवाला येतो, शाळेच्या व्हॅन कोंडी करतात. वरचा रस्ता गच्च्यांच्या कठड्यांवरून, पाण्याच्या टाक्यांमागून, कुणाच्या वाळत घातलेल्या पापडांना वळसा घालून गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तो मांजरांचा. मध्य प्रदेशात सातबारा नसतो, खसरा असतो. पण या वरच्या रस्त्याचा खसरा काढला तर त्यावर मांजरांचंच नाव निघेल.

अशा गल्लीतल्या, दोन मांजरं आधीच मुरलेल्या घरात पावसाळ्याच्या तोंडाशी कुत्र्याचं एक गावठी पिल्लू आलं. घरात पहिली प्रतिक्रिया उमटली ती अर्थातच म्हणींची. विळ्या-भोपळ्याचं सख्य वगैरे. शेजारच्या काकू फाटकाशीच म्हणाल्या, "आता मांजरं गेली समजा." मांजरं जातील कुठे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आमची मोठी मनी तर आमच्या लग्नाआधीपासून या घरात आहे. ज्येष्ठता पाहिली तर जायची पाळी माझ्यावर आधी येईल.

कुत्र्या-मांजराचं वैर जन्मजात असतं, असं आपण धरून चालतो. मला त्यात वैरापेक्षा गैरसमजच जास्त दिसतो. आनंदलेला कुत्रा सैल अंगाने शेपूट हलवतो. मांजराची शेपटी सटासट आपटायला लागली की तिचा संयम संपत आलेला असतो. मांजर प्रेमाने सामोरी येते तेव्हा शेपटी झेंड्याच्या काठीसारखी सरळ उभी असते. अनोळखी कुत्र्याची शेपूट ताठ वर गेली तर आपण दोन पावलं मागे सरावं. पिल्लू पुढचा पंजा उचलतं तेव्हा त्याला खेळायचं असतं. मांजरीने पंजा उचलला तर पुढे काय होतं, ते ज्यांच्या नाकावर झालंय त्यांना विचारावं.

आमच्याकडे ते जाळीच्या दाराशी झालं. सुरुवातीला पिल्लू मागच्या खोलीत, मांजरं बाकी घरात, आणि मधे लाकडी दार. पिल्लाच्या अंगाखालचं फडकं मनीच्या खुर्चीजवळ, मनीच्या गोधडीचा तुकडा पिल्लाकडे. ही वासांची देवाणघेवाण वेडेपणाची वाटते, पण या दोन्ही प्राण्यांचं अर्धं जग नाकात असतं. चेहरा दिसण्याआधी वास ओळखीचा झाला की पुढचं सोपं जातं. मग दाराच्या अलीकडे-पलीकडे एकाच वेळी जेवण, म्हणजे 'त्याचा' वास आला की दूध-भात येतो, एवढं मनात बसावं. मग लाकडी दार उघडून नुसती जाळी. मनी आली. तिचा एक कान पिल्लाकडे आणि दुसरा मागे वळलेला, पाठीवरचे केस मात्र अजून बसलेले. पिल्लाने आपल्या पद्धतीने पंजा उचलला आणि जाळी खरवडली. जाळीच्या खालच्या कोपऱ्यात एक फट आहे, ती दुरुस्त करायची कैक महिन्यांपासून राहिली आहे. मनीने त्या फटीतून हात घातला आणि नाकावर एक चापट दिली. नखं आतच होती. पिल्लू मटकन खाली बसलं आणि तिच्याकडे बघत राहिलं, बाईंनी वर्गात पहिल्यांदा नाव पुकारल्यासारखं.

तेल अवीव विद्यापीठातल्या फॉयरस्टाइन आणि टर्केल या संशोधकांनी एकाच छपराखाली राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचं निरीक्षण करून 2008 साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना सुमारे दोनतृतीयांश घरांत संबंध चांगले आढळले, पाव घरांत दोघं एकमेकांची दखलच घेत नव्हती, आणि भांडणं दहातल्या एखाद्या घरात होती. मांजर आधी आलेली असेल, आणि दोघंही लहान वयात घरात आली असतील, म्हणजे मांजर सहा महिन्यांच्या आतली आणि कुत्रा वर्षाच्या आतला, तर जमण्याची शक्यता अधिक. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट लोभस वाटली. ज्या खुणांचे अर्थ दोघांत उलटे आहेत, त्यासुद्धा ही जनावरं बहुतेक वेळा बरोबर वाचायला शिकतात. परप्रांतात तीन पिढ्या काढलेल्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही.

आम्ही इंदूरचे मराठी लोक. रस्त्यावर 'भिया', घरात 'अहो', आणि दोन्हींची सरमिसळ झाली तरी कुणी नाक मुरडत नाही. आता एक गंमत बघा, आमच्याकडे मांजरीशी सगळे मराठीत बोलतात. "मने, ऊठ गं तिथून." कुत्र्याशी मात्र पहिल्या दिवसापासून 'सिट', 'नो' आणि फार झालं तर 'चल हट'. घरात हुकूम द्यायचा म्हटलं की आपल्याला मराठी अपुरी का वाटते, कोण जाणे.

आधीच कुणी राहत असलेल्या जागेत येऊन वसणं हा तसा या शहराचाच इतिहास आहे. होळकरांच्या आधी इथे राव नंदलाल मंडलोई या जमीनदारांची वस्ती होती. 1730च्या दशकात हा मुलूख मल्हाररावांकडे आला, अहिल्याबाईंनी कारभार महेश्वरहून केला, आणि 1818च्या मंदसौर तहानंतर राजधानी इंदूरला आली. राजवाडा नदीच्या या बाजूला उभा राहिला. नदीपलीकडच्या जुन्या इंदुरात जमीनदारांचा बडा रावला राहिला तो राहिलाच. कुणी कुणाचं अंगण पुसून टाकलं नाही. (हे मी फार गोड करून सांगते आहे, याची मला कल्पना आहे, जहागिरी आणि महसुलाचे हिशेब इतके गोड नसतात.)

होळकरांचं आणि कुत्र्यांचं नातं तर आणखी जुनं, कारण त्यांचं कुलदैवत खंडोबा. राजवाड्यातही मल्हारी मार्तंडाचं मंदिर आहे, आणि खंडोबा म्हटला की पायाशी कुत्रा आलाच. रायगडावरचा वाघ्या कुत्र्याचा पुतळा 1936 साली उभा राहिला, तोही इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीवर. वाघ्या खरोखर होता की नाही यावर इतिहासकार अजून भांडतात. 2025 साली तो पुतळा हटवावा की राहू द्यावा यावरून पुन्हा धुरळा उडाला. मांजरीच्या स्मारकावरून मात्र कुणी कधी भांडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मनीला याची खंत असावी असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नाही. पण चंपाषष्ठीला मला नेहमी गंमत वाटते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला वांग्याच्या भरताचा आणि रोडग्याचा नैवेद्य होतो, आणि त्यातला घास खंडोबाच्या कुत्र्यासाठी काढायची रीत आहे. आणि षष्ठी ही ज्या देवीची तिथी, तिचं बंगालातलं वाहन मांजर. पंचांगात दोघांना एकच दिवस मिळाला आहे, मग घरात एक खोली का मिळू नये?

खोली मिळते, पण ती उंचीनुसार वाटावी लागते. मला या सगळ्यातून एवढंच कळलं की भांडण मायेवरून कमी आणि जागेवरून जास्त होतं. मांजरीला पळायला वर जागा असेल तर ती पळत नाही. जागा नसेल तर पळते, आणि पळणारं काहीही दिसलं की कुत्र्यातला हजारो वर्षांचा शिकारी जागा होतो. म्हणून आधी फळी ठोकावी. आम्ही कपाटाच्या माथ्यावरचं जुनं सामान काढलं, तिथे गोधडी टाकली, आणि खिडकीपासून कपाटापर्यंत मधे एक पायरी केली. मांजरांचं ताट फ्रिजवर गेलं. त्यांच्या खाण्यात प्रथिनं जास्त, त्यामुळे कुत्र्याला ते स्वतःच्या खाण्याहून रुचकर लागतं. उलट कुत्र्याच्या खाण्यावर मांजरीचं भागत नाही, तिला टॉरिन नावाचा घटक खाण्यातूनच मिळावा लागतो. वाळूचा ट्रेही पिल्लाच्या तोंडाच्या आवाक्याबाहेर ठेवावा लागतो. का, ते न जेवता विचारा.

आणि पोहे. इंदूरच्या घरात रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीभोवती जो घोटाळतो त्याला घास न देणं हा जवळजवळ गुन्हा आहे. पण वरून भुरभुरलेला कच्चा कांदा कुत्र्याला आणि मांजरीला, दोघांनाही विषारी असतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि मांजरीला तर थोडासुद्धा पुरतो. शिजवून त्याचा गुण जात नाही. लसणाचंही तेच. पाहुण्यांना हे सांगताना माझी जीभ जड होते, कारण समोरच्याला वाटतं की आपण कुत्र्याचे फाजील लाड करतोय. आता मी सरळ बशा उचलते. जिरावण मसाला शिंपडलेली बशी हुंगून पिल्लू एकदा इतकं शिंकलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं, तेवढाच काय तो त्याच्या पदरी पडलेला इंदुरी प्रसाद.

पहिले काही आठवडे पिल्लू घरात पट्ट्यावर होतं. हे लोकांना क्रूर वाटतं. पण एकदा मांजरीमागे धावण्याची चटक लागली की ती मोडणं फार अवघड. लागूच न देणं त्यापेक्षा सोपं. मनी खोलीत आली आणि पिल्लू शांत बसलं की पनीरचा तुकडा. कालांतराने त्याच्या हिशेबात मनी म्हणजे पनीर झाली. याला प्रेम म्हणायचं की नाही, ते मी वाचकांवर सोडते. अनेक संसार याहून कमी भांडवलावर उभे राहिले आहेत.

दोघांचा एकमेकांच्या कुशीत झोपलेला फोटो काढायची आपल्याला फार घाई असते. आमच्याकडे असा फोटो नाही. धाकटी मांजर आता पिल्लाच्या शेपटीशी खेळते, पण मनीचं धोरण ठरलेलं आहे: ती त्याला पाहत नाही. तो खोलीच्या मधोमध पसरला असला तर त्याच्या अंगावरून न बघता जाते. मी या दुर्लक्षाची मोठी चाहती आहे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही विचारा, दोन जावांनी चाळीस वर्षं एका ओट्यावर स्वयंपाक केला तो गळ्यात गळे घालून नाही. त्या तेल अवीवच्या निबंधातली ती एकमेकांची दखल न घेणारी पाव घरं मला म्हणूनच अपयशी वाटत नाहीत. तिथे कुणीतरी शहाणं राहत असणार.

परवा शेजारच्या त्याच काकू गच्चीवरून विचारत होत्या. त्यांच्या मुलाला लॅब्राडोर आणायचा आहे, आणि त्यांच्याकडे जिन्याखाली एक मांजर कायमची राहायला आली आहे. "जमेल का हो?" मी विचारलं, "मांजर जेवते कुठे?" म्हणाल्या, "इथेच, जिन्याखाली, जमिनीवर." मग म्हटलं, आधी सुताराला बोलवा, कुत्र्याचं नंतर बघू.