भाऊबीजेची तबकडी

गाणे ऐकावे, त्याचे कूळ विचारू नये, असे माझे जुने मत. नळदुर्गात मी पुष्कळ वर्षे कर्णे भाड्याने दिले. मैलारपूरच्या खंडोबाची यात्रा आली, की एका कर्ण्यावर देवाची गाणी आणि दुसऱ्यावर १९८० च्या 'कुर्बानी'तले 'आप जैसा कोई', अशी माझी निःपक्षपाती दुकानदारी चाले! बंगळूरच्या बिड्डूने चाल बांधली, नाझिया हसन नावाची शाळकरी पोर गायली आणि बोरीकाठचे आमचे हलगीवाले त्या डिस्कोवर ठेका धरू लागले. याहून अधिक चौकशी मी कधी केली नाही.

गेल्या भाऊबीजेला आक्काच्या घरी भाचीने मला गाठलेच. "मामा, हिप-हॉप कुठं जन्मलं, सांगा बघू!"

मी गप्प. मग तीच सांगू लागली. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातली, सेजविक ॲव्हेन्यूवरची १५२० क्रमांकाची इमारत. जमैकाहून आलेल्या कुटुंबातल्या सिंडी कॅम्पबेलला शाळेसाठी नवे कपडे हवे होते. पैशांसाठी तिने इमारतीतच नाचगाण्याचा जलसा ठेवला. मुलींना पाव डॉलर, मुलांना अर्धा. तबकड्या लावायला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाणारा थांबून नुसता ताल उरतो, तेव्हा लोक बेभान होतात, हे त्याने हेरले. मग जेम्स ब्राऊनसारख्या सोल गायकाच्या एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच ताल लांबवू लागला. त्या तालावर पुढे लोक बोलू लागले, तेच रॅप.

निरांजन लावता लावता आक्काने एवढेच विचारले, "मिळाली का गं कापडं त्या पोरीला?"

"मिळाली म्हणे."

"मग झालं," म्हणून तिने मला कुंकू लावले.

माझी नजर तिच्या मनगटाकडे गेली. माझे पहिले यंत्र तिच्या पाटल्या मोडून आले होते. "यात्रा झाली की करून देतो," असे मी कितीतरी यात्रांना म्हटले. तिकडे बहिणीच्या कपड्यांसाठी भावाने तबकड्या फिरवल्या. इकडे बहिणीच्या सोन्यावर माझ्या तबकड्या फिरल्या. गाण्याचे कूळ मी का विचारीत नव्हतो, ते आता कळले!

ताटात टाकायची नोट हातातच राहिली. "आक्का, उद्या सोनाराकडे जायचंय," मी म्हणालो.

"आता जड होतील रे मला," ती हसली.

तरी आम्ही गेलो.