जंगलातून परतलेले आणि न परतलेले

फुनाबोरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? टॉवर हॉलचा उंच मनोरा, आसपासची भारतीय वस्ती, निशी-कासाईत मिळणारी तूरडाळ. इथून शिंजुकू लाईनने उलट्या दिशेला गेलात, तर चौथं स्टेशन मोतोयावाता, म्हणजे शेवटचं. एदोगावा नदीपलीकडचं ते इचिकावा शहर. तिथल्या कोनोदाई भागात १९३८ ते १९४५ या काळात लष्कराचं मनोरुग्णालय होतं, हे मला इथे बरीच वर्षं काढल्यावर कळलं.

जंगलात राहिलेले जपानी सैनिक तुम्हाला ठाऊक असतील. शोइची योकोई १९७२ मध्ये गुआमच्या जंगलात सापडले, २८ वर्षांनी. हिरू ओनोदा १९७४ मध्ये फिलिपिन्सच्या लुबांग बेटावरून बाहेर आले, तेही जुन्या वरिष्ठाने समोर उभं राहून हुकूम दिल्यावर. आपण या गोष्टी निष्ठेच्या म्हणून ऐकतो. पण लुबांगमधले कितीतरी गावकरी त्या निष्ठेपायी जिवाला मुकले. आणि मायदेशी आलेल्या ओनोदांना इथलं जग परकं वाटलं. सुमारे वर्षभरात ते ब्राझीलला गुरं पाळायला निघून गेले. मोरोताई बेटावर सापडलेले तेरुओ नाकामुरा तर मूळ तैवानचे आदिवासी. ते लढले जपानसाठी, पण परतले तेव्हा तैवान जपानचं राहिलं नव्हतं. म्हणून पेन्शनवर त्यांचा हक्कच नव्हता.

या तिघांचे निदान फोटो तरी छापून आले. कोनोदाईत सुमारे दहा हजार सैनिक दाखल झाले. कुणाचे हातपाय थरथरत, कुणाची वाचा गेलेली, कुणाला आपण मारलेली माणसं दिसत. आपल्या सैन्यात असले रुग्ण नसतातच, अशी तेव्हा शेखी मिरवली जायची. शरणागतीनंतर कागद जाळायचा हुकूम सुटला. तिथल्या डॉक्टरांनी तो मोडला, म्हणून आठ हजारांच्या आसपास केसपेपर वाचले. काही रुग्ण मात्र युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं इस्पितळांतच राहिले. घरच्यांना त्यांची लाज वाटे. त्यांना जंगलाची गरजच पडली नाही; चार भिंतींत आणि घरच्यांच्या गप्प बसण्यात ते दिसेनासे झाले.

अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेले काही जण रानात एकटे राहू लागले, तेव्हा निदान त्यावर बोललं तरी गेलं. 'पीटीएसडी' हे नाव १९८० मध्ये वैद्यकीय यादीत आलं. जपानमध्ये सैनिकांची मुलं आता कुठे, म्हातारपणी, वडिलांच्या दारूबद्दल आणि माराबद्दल उघड बोलू लागली आहेत.

आणि आपल्याकडे? साताऱ्याच्या अपशिंगेसारख्या गावांत घरटी सैनिक. ब्रह्मदेशात याच जपान्यांशी लढून मराठी जवानही परतले. 'आजोबा जरा तापट होते', 'रात्री ओरडत उठायचे' असं कुणी सांगितलं, की आपण विषय बदलतो. तुमच्या घरी असं कुणी होतं का? पुढच्या वेळी आईला किंवा आत्याला फोन कराल, तेव्हा विचारा. आणि त्या बोलू लागल्या, की मध्ये बोलू नका.