द्राक्षं आंबटच हवीत

कळवण,
२ फेब्रुवारी

चि. सोनूस,


तू पाठवलेला बाटलीचा फोटो पाहिला आणि त्याखालचा प्रश्नही वाचला. तुझ्या तिकडच्या, फ्रान्समधल्या तूर शहराजवळच्या व्होव्रे गावात ज्या शेनिन ब्लाँ द्राक्षाची ही फेसाळ वाइन करतात, तेच द्राक्ष नाशिकलाही आहे म्हणे, मग आपल्या मळ्यात का नाही, असं विचारलंस. फोनवर सांगायला घेतलं की तुझी आई मध्येच तुझ्या जेवणाखाणाचा विषय काढते, म्हणून सवडीने लिहायला बसलोय. आजीला मात्र यातलं काही सांगू नकोस. तिच्या लेखी द्राक्षाचे उपयोग दोनच, खाणं आणि बेदाणा.

द्राक्ष तेच आहे हे खरं. शेनिन मूळची तुझ्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली. तिथून ती समुद्रमार्गे दक्षिण आफ्रिकेत गेली आणि अशी रुजली, की आज फ्रान्सपेक्षा तिथेच तिची लागवड जास्त आहे. नाशिकला ती आली अगदी परवा-परवा म्हणावं अशी. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आले, कॅलिफोर्नियाचे केरी डॅम्स्की यांना सल्ल्याला घेतलं आणि १९९७ च्या सुमारास वाइनच्या द्राक्षांची लागवड सुरू केली. २००० साली त्यांच्या 'सुला' वायनरीच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या, त्यांत शेनिन होती. पुढच्याच वर्षी सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झाला आणि जो तो वाइनची भाषा बोलायला लागला.

फेसाळ वाइन मात्र महाराष्ट्रात त्याच्याही आधीची. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकातच फ्रेंच तंत्राने ती केली होती. इकडे ती 'मार्क्विस द पाँपादूर' म्हणून विकली जायची आणि इंग्लंडात 'ओमर खय्याम' म्हणून. नारायणगावची वाइन विलायतेत खपते, याचं तेव्हा लोकांना भारी अप्रूप होतं.

आता शेनिनच का, ते सांगतो. मला ते कळलं दिंडोरीकडच्या आपल्या व्याह्यांच्या बागेत. डिसेंबर सरत आला होता. घड लहान, मुठीएवढे, आणि मणी इतके गच्च की त्यात काडीसुद्धा शिरू नये. मी सवयीने मनात म्हटलं, यांनी विरळणी केलेली दिसत नाही. एक मणी तोंडात टाकला. साल चिवट, आत बिया आणि गर असा आंबट की दात आंबले. त्यांनी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून मला दाखवला तर ब्रिक्स अठराच्या वर! सोनू, आपली खायची थॉमसन आपण साधारण एवढ्याच गोडीला उतरवतो. साखर तेवढीच आणि तरी दात आंबतात, म्हणजे गोडी कमी नाही, आंबटपणा जास्त आहे. फेसाळ वाइनला नेमकं हेच लागतं.

कारण तिच्यात द्राक्ष दोनदा आंबवलं जातं. पहिल्यांदा टाकीत साधी, हलकी, कोरडी वाइन तयार होते. मग ती बाटलीत भरताना लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून झाकण ठोकतात. आत पुन्हा आंबणं सुरू होतं, वायूला वाट मिळत नाही, तो वाइनमध्येच मुरतो. आतला दाब वातावरणाच्या सहा पटीपर्यंत जातो, म्हणून ती बाटली एवढी जाड काचेची असते. मरून खाली बसलेल्या यीस्टवर ती वाइन महिनोन्‌महिने ठेवतात, मग बाटल्या हळूहळू उलट्या करून गाळ तोंडाशी आणतात, तोंड गोठवतात आणि झाकण उडवून गाळ बाहेर काढतात. दुसऱ्यांदा आंबताना दारूचं प्रमाण आणखी वाढतं, म्हणून द्राक्षात आधीच साखर जास्त असून चालत नाही. आणि रसात आंबटपणा नसेल तर एवढा खटाटोप करून हातात येतो तो नुसता बुडबुड्यांचा सपक पेला. तुमच्याकडे सगळीकडे मिळणारी इटालियन प्रोसेक्को याहून सोपी. ग्लेरा नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची असते आणि दुसरं आंबवणं बहुतेक मोठ्या बंद टाकीतच उरकतात. म्हणून ती स्वस्त. वाईट असते असं नाही, पण कष्ट कमी.

आंबटपणा टिकवणं हेच नाशिकमध्ये अवघड. मण्यात पाणी उतरलं की त्यातलं मॅलिक आम्ल वेल स्वतःच जाळायला लागते आणि रात्री जितक्या उबदार तितकं ते लवकर जळतं. थंड मुलखातल्या किती तरी नामांकित जाती आपल्या उन्हात गोड होतात आणि फिक्या पडतात. शेनिनचा आंबटपणा उन्हातही तग धरतो, शिवाय ती माल भरपूर देते. त्यात आपल्याकडे फळछाटणी ऑक्टोबरात होते, त्यामुळे द्राक्ष तयार होतं ते डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत. निफाडला पारा किती उतरला याच्या बातम्या येतात ना, ती थंडी कामाला येते. फेब्रुवारी संपता संपता ऊन चढतं, म्हणून फेसाळ वाइनचा माल सगळ्यात आधी तोडतात. २०१३ मध्ये शँपेन करणाऱ्या मोएत हेनेसी कंपनीने इथली 'शाँडाँ' बाजारात आणली, दिंडोरीत वायनरी घातली. खुद्द शँपेनमध्ये शेनिनला परवानगीच नाही. तरी त्यांनी इथे शार्दोने आणि पिनो न्वारच्या जोडीला शेनिन घेतली. आपल्या मातीने त्यांना घ्यायला लावली, असं मी तरी म्हणतो.

तुमच्याकडे तीच वेल वेगळी वागते. तिकडे थंडीत ती झोपते, छाटणी एकदाच, आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. शेनिन एका दमात पिकत नाही, म्हणून व्होव्रेचे लोक एकाच बागेत पुन्हा पुन्हा फिरतात. आधी तोडलेलं आंबट फेसाळ वाइनला, मागचं कोरड्या वाइनला आणि वर्ष चांगलं असलं तर सगळ्यात शेवटी बुरशी धरून सुकत आलेले मणी गोड वाइनला. बुरशी लागलेल्या द्राक्षाचे तिकडे जास्त पैसे येतात, हे मी इथे चहाच्या टपरीवर सांगितलं तर लोक माझ्याकडे संशयाने बघतील!

आता आपल्या मळ्याचं. कळवण-बागलाण हा पट्टा अर्ली द्राक्षांचा. इतर भागांत ऑक्टोबरात छाटणी होते, तेव्हा आपल्याकडच्या कित्येक बागांत मणी भरायला लागलेले असतात. परतीच्या पावसाने मणी तडकले किंवा डाऊनी रोग आला तर वर्ष गेलं. पण वाचलेला माल नोव्हेंबर-डिसेंबरात निघतो, तेव्हा बाजारात दुसऱ्या कोणाचा नसतो आणि भाव आपण सांगू तो. हा सगळा जुगार खायच्या द्राक्षाच्या जिवावर चालतो. आज एक व्यापारी भाव पाडायला लागला तर उद्या दुसरा बागेत येतो. वाइनचं द्राक्ष कोणी खात नाही. ज्या कंपनीशी करार केला तिने उचललं नाही तर ते कुठल्याच बाजार समितीत विकता येत नाही, बेदाणाही होत नाही, बिया असतात.

ही भीती नुसती मनातली नाही. २००८-०९ च्या मंदीत वायनऱ्यांकडे माल पडून राहिला आणि नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा तोडल्या. आपल्याच नात्यातल्या एकाची द्राक्षं कंपनीने त्या वर्षी उचलली नाहीत, वेलीवर सुकली. त्याने कुऱ्हाड लावली आणि डाळिंब केलं. तुझी आई ते अजून विसरलेली नाही. आता पुन्हा मागणी आहे, भाव करारात आधी ठरतो, घड औषधात बुडवण्याची (डिपिंग) आणि विरळणीची मजुरी वाचते, सगळं खरं. पण कर्ज काढून सगळी बाग शेनिनची करावी असं मला वाटत नाही, आणि कोणाला तसा सल्लाही देणार नाही.

तुझा दादा मात्र अर्ध्या एकरावर लावायचीच म्हणून बसलाय. खुंट डॉगरिजचा आहेच, वर फक्त कलम बांधायचं. मी त्याला सांगितलंय, आधी लेखी करार, मग काडी. तेवढ्यासाठी तुझ्याकडे एक काम आहे. शेनिनचा घड गच्च असतो, मध्ये एक मणी फुटला की आतून कूज पसरते. तिथल्या बागायतदारांना विचार की घडाजवळची पानं ते कधी काढतात आणि उन्हाच्या कोणत्या बाजूची ठेवतात. एका वेलीवर किती घड राखतात तेही विचार. वेलीचे फोटो दोन्ही बाजूंनी काढ, नुसता बाटलीचा नको. आणि हे पुढच्या महिन्यात कळव, कारण एप्रिलच्या खरडछाटणीआधी आम्हाला ठरवायचं आहे.

तुझा,
मामा